नौकेवरील लिथियम घटमाला : विद्युत् सामग्रीचे शीतन

नौकेवर बसविलेल्या लिथियम-आयन विद्युत् घटमालेचे भारण करणारी, तिच्यातील विद्युत् प्रवाह वाहून नेणारी आणि त्या प्रवाहाचे रूप बदलणारी जी सामग्री असते, तिच्यात निर्माण होणारी उष्णता काढून टाकून तिचे तापमान सुरक्षित मर्यादेत राखण्याची योजना. प्रत्यावर्ती विद्युत् जनित्र (आल्टरनेटर), डायोड, इन्व्हर्टर, भारक, संवाहक पट्ट्या, वितळतारा, जोड, स्वयंचलित स्विच आणि अखेरीस स्वतः घट हे सर्व या सामग्रीत मोडतात. उष्णता घटांतच सर्वांत अधिक निर्माण होत असावी असा सर्वसाधारण समज आढळतो. मध्यम आकाराच्या शिडाच्या किंवा एंजिनाच्या नौकेवर प्रत्यक्षात तसे नसते. तेथे घट कोमट राहतात आणि त्यांच्याभोवतीची सामग्री जळते.

याचे कारण लिथियम घटाच्या गुणधर्मातच आहे. शिसे-अम्ल घटमाला रिकामी असताना मोठा प्रवाह घेते; परंतु ती क्षमतेच्या सु. ८०% पर्यंत भरली की तिचा स्वीकार झपाट्याने घटतो. त्यामुळे भारण करणाऱ्या जनित्राला आपोआप विश्रांती मिळते. लिथियम लोह फॉस्फेट घटाचा अंतर्गत रोध अतिशय कमी असून तो जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत दिला जाईल तेवढा प्रवाह स्वीकारतो. ३०० अँपिअर-तास क्षमतेची घटमाला २०% पर्यंत रिकामी झालेली असेल, तर तिला २४० अँपिअर-तास परत द्यावे लागतात. १०० अँपिअरच्या जनित्रावर याचा अर्थ अडीच तासांपर्यंतचे अखंड पूर्ण भाराचे काम असा होतो. मोटारगाडीसाठी बनविलेले जनित्र एंजिन सुरू झाल्यानंतरची काही मिनिटेच पूर्ण भाराने चालावे या हिशोबाने रचलेले असते. जुन्या घटमालेची मंदगती हेच त्याचे संरक्षण होते, ही गोष्ट ती घटमाला काढून टाकल्यावर लक्षात येते.

जनित्रातील उष्णता : नौकांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या नखाकृती ध्रुवांच्या जनित्राची कार्यक्षमता साधारणतः ५० ते ६०% असते. १४ व्होल्ट दाबाने १०० अँपिअर देणारे जनित्र १,४०० वॉट शक्ती बाहेर देते. कार्यक्षमता ५५% धरल्यास सु. १,१५० वॉट उष्णतेच्या रूपाने त्याच्या कवचात उरतात. म्हणजे पाणी तापविण्याची विजेची एक लहान शेगडी त्या मुठीएवढ्या यंत्रात सतत पेटलेली असते. या उष्णतेचा मोठा भाग स्थिर गुंडाळीतील तांब्याच्या रोधामुळे आणि लोहगाभ्यातील भोवरी प्रवाहांमुळे उत्पन्न होतो. बाकीची डायोडांत निर्माण होते. प्रवाहाला प्रत्येक क्षणी एकापाठोपाठ दोन डायोडांतून जावे लागते व प्रत्येकात सु. एक व्होल्ट दाब खर्च होतो. यावरून १०० अँपिअरला केवळ डायोडांची उष्णता २०० वॉटच्या घरात जाते.

तापमान वाढले की तांब्याचा रोध दर अंशाला सु. ०·४% वाढतो. म्हणजेच २५ °से. वरून १०५ °से. पर्यंत तापलेल्या गुंडाळीचा रोध सु. ३०% अधिक असतो. अशा जनित्राचे उत्पादन घटते आणि त्यातील तितक्याच प्रवाहाची उष्णता मात्र वाढते. गुंडाळीवरील निरोधक लेपाचे आयुष्य दर १० °से. वाढीला निम्मे होते, असा एक ढोबळ नियम विद्युत् अभियंते वापरतात. तो काटेकोर नसला, तरी दिशा दाखविण्यास पुरेसा आहे.

जनित्राचा पंखा त्याच्याच दंडावर बसविलेला असल्याने एंजिन मंद फिरत असताना पंखाही मंद फिरतो. नांगर टाकून उभ्या असलेल्या नौकेवर घटमाला भरण्यासाठी एंजिन संथ गतीने चालविण्याची पद्धत आहे. नेमक्या त्याच वेळी रिकामी लिथियम घटमाला जास्तीत जास्त प्रवाह खेचत असते. क्षेत्र गुंडाळी पूर्ण उत्तेजित, वारा किमान व भोवतालची हवा एंजिनामुळे तापलेली, अशा तिहेरी अडचणीत जनित्र सापडते. बहुसंख्य जनित्रे अशाच स्थितीत जळतात. पूर्ण वेगाने प्रवास करताना जळण्याचे प्रसंग त्या मानाने कमी असतात.

यावर पहिला उपाय प्रवाहालाच लगाम घालण्याचा होय. जनित्रापासून अलग बसविलेला नियामक क्षेत्र गुंडाळीतील प्रवाह नियंत्रित करतो. जनित्राच्या कवचावर बसविलेल्या तापमान-संवेदकाकडून संकेत मिळाला, की साधारणतः १०० ते ११० °से. च्या सुमारास तो क्षेत्रप्रवाह कमी करतो आणि तापमान उतरले की पुन्हा वाढवितो. काही नियामकांत जनित्राचे कमाल उत्पादन कायमचेच ६० ते ७० टक्क्यांवर बांधून ठेवता येते. भारणास अधिक वेळ लागतो ही त्याची किंमत. तथापि १०० अँपिअरचे जनित्र ६५ अँपिअरवर दिवसभर चालणे हे १०० अँपिअरवर अर्धा तास चालण्यापेक्षा नौकाधारकाच्या अधिक उपयोगाचे असते. संवेदक कवचाच्या कोणत्या भागाला चिकटविला आहे, यालाही महत्त्व असते. डायोडांची बैठक आणि गुंडाळी यांच्या तापमानांत मोठा फरक पडू शकतो. थंड कोपऱ्यात बसविलेला संवेदक नियामकाची दिशाभूल करतो.

डायोड जनित्रातून काढून वेगळ्या, पात्यांच्या धातूच्या बैठकीवर बसविणे हा दुसरा उपाय. त्यामुळे सु. २०० वॉट उष्णता कवचाबाहेर जाते व गुंडाळीला तेवढी सवलत मिळते. तिसरा उपाय नळीचा आहे. जनित्र मागील बाजूने हवा ओढते आणि ती हवा एंजिनाजवळची असेल, तर ५० °से. हून अधिक तापलेली असते. बाहेरची हवा लवचिक नळीने जनित्राच्या पाठीशी आणून सोडल्यास थोड्या खर्चात लक्षणीय फरक पडतो. नळीचे बाहेरील तोंड मात्र लाटांचे तुषार पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावे लागते. पट्टा सैल असेल, तर तो कप्पीवर घसरून जी उष्णता निर्माण होते तीही दंडामार्गे जनित्रात शिरते. जनित्र वारंवार तापत असल्यास कित्येकदा दोष पट्ट्याचाच निघतो.

उष्णतेशी निगडित असा आणखी एक धोका येथेच नोंदविणे योग्य ठरेल. घटांचे तापमान किंवा दाब मर्यादेबाहेर गेल्यास घटमाला व्यवस्थापन यंत्रणा घटमालेला मंडलातून तोडून टाकते. त्या क्षणी जनित्र पूर्ण प्रवाह देत असेल, तर गुंडाळीत साठलेल्या चुंबकीय ऊर्जेमुळे दाब एकदम उसळतो व डायोड निकामी होतात. म्हणून व्यवस्थापन यंत्रणेने प्रथम नियामकाला क्षेत्रप्रवाह बंद करण्याचा संकेत द्यावा व त्यानंतरच घटमाला अलग करावी, अशी रचना करतात. घटांना वाचविण्यासाठी घेतलेल्या निर्णयाने जनित्राचा बळी जाऊ नये, एवढाच यातील हेतू.

जोड, पट्ट्या व स्विच : संवाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कमी दाबाच्या नौकायंत्रणेत या नियमाचे परिणाम तीव्र होतात. २,४०० वॉट शक्तीसाठी १२ व्होल्टच्या यंत्रणेत २०० अँपिअर लागतात, तर ४८ व्होल्टच्या यंत्रणेत ५० अँपिअर पुरतात. तेवढ्याच रोधात निर्माण होणारी उष्णता दुसऱ्या बाबतीत सोळा पटींनी कमी असते. स्वच्छ व घट्ट जोडाचा रोध एक-दशांश मिलिओहम धरल्यास २०० अँपिअरला त्यात ४ वॉट उष्णता निर्माण होते आणि ती सहज विरून जाते. तोच जोड सैल होऊन किंवा खाऱ्या हवेने त्यावर गंज चढून रोध एक मिलिओहम झाला, तर ४० वॉट निर्माण होतात. डाख देण्याच्या विजेच्या सोल्डरिंग आयर्नइतकी ही उष्णता नखाएवढ्या क्षेत्रात एकवटते. जोड तापतो, तापल्याने प्रसरण व आकुंचन पावून आणखी सैल होतो आणि सैल झाल्याने आणखी तापतो. अशा जोडावर पंखा लावून काही साधत नाही. त्याचे शीतन म्हणजे तो सोडून, घासून, पुन्हा योग्य आघूर्णाने आवळणे होय.

जोडणी करताना एक चूक वारंवार आढळते. तारेचे टोक आणि तांब्याची पट्टी यांच्या मध्ये अगंज पोलादाचा वॉशर घातला जातो. अगंज पोलादाचा विशिष्ट रोध तांब्याच्या सु. चाळीस पट असल्याने हा वॉशर तापकाचे काम करतो. तांब्याला तांबे थेट भिडले पाहिजे. वॉशर व नट त्यांच्या वर येतात. समुद्रावर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा वापरतात त्या गंजापासून रक्षणासाठी. त्या साध्या तारांपेक्षा कमी तापतात असे मात्र नाही.

प्रवाह मोजण्यासाठी मंडलात घातलेला समांतर रोधक (शंट) ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट दाब दाखविणारा असेल, तर पूर्ण प्रवाहाला त्यात २५ वॉट निर्माण होतात. बंद खोक्यात कोंडलेला असा रोधक भोवतालची हवा तापवितो व मापनही बिघडवतो. वितळतारांची अनुमत प्रवाहमर्यादा ठराविक भोवतालच्या तापमानासाठी सांगितलेली असते. तापलेल्या कप्प्यात त्या आपल्या मर्यादेआधीच वितळतात. मग नौकाधारक कंटाळून मोठ्या मर्यादेची वितळतार बसवितो. हा उपाय मूळ दोषाहून घातक आहे.

व्यवस्थापन यंत्रणेतील अर्धसंवाहक स्विचांनाही वर्गाचा नियम लागू पडतो. अर्ध्या मिलिओहम रोधाच्या स्विचसंचात १०० अँपिअरला ५ वॉट, तर २०० अँपिअरला २० वॉट निर्माण होतात. घटमालेच्या कवचातच बसविलेल्या यंत्रणेत ही उष्णता शेजारच्या घटांना मिळते. त्यामुळे अशा घटमालेच्या सलग प्रवाहाची मर्यादा कित्येकदा घटांच्या कुवतीवर न ठरता या स्विचांच्या तापण्यावर ठरते. यांत्रिक स्पर्शक वापरल्यास स्पर्शांचा रोध कमी असतो. पण त्याची गुंडाळी सतत शक्ती घेते. म्हणून केवळ स्थिती बदलताना प्रवाह घेणारे, एरवी स्वतःहून टिकून राहणारे स्पर्शक नौकांवर पसंत केले जातात.

इन्व्हर्टर व भारक : यांचे प्रश्न त्या मानाने सरळ आहेत. ९३% कार्यक्षमतेचा इन्व्हर्टर २,००० वॉट देत असताना सु. १५० वॉट उष्णता टाकतो. त्याची नामनिर्देशित क्षमता बहुधा २५ किंवा ४० °से. तापमानासाठी दिलेली असते व त्यापुढे ती उतरत जाते. ही नोंद माहितीपत्रकात अगदी शेवटी, बारीक अक्षरांत असते. पंखाविरहित भारकांच्या शीतनपात्या उभ्या राहतील आणि खालून व वरून हवेला मोकळी वाट राहील, अशा रीतीने ते बसवावे लागतात. आडव्या पात्यांमधून तापलेल्या हवेचे संनयन नीट होत नाही.

घटांचे तापमान : लिथियम लोह फॉस्फेट घटांचे भारण साधारणतः ० ते ४५ °से. या मर्यादेत करतात. शून्याखाली भारण केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियमाचा थर बसून घट कायमचा दुबळा होतो. वरच्या बाजूला वाढत्या तापमानाने घटाचे जरण वेगाने होते. विद्युत् विच्छेद्याचे विघटन, वायूंची निर्मिती आणि अखेर अनियंत्रित तापवृद्धी हा पुढचा क्रम फॉस्फेट घटांत निकेलयुक्त घटांपेक्षा बऱ्याच उच्च तापमानाला सुरू होतो, पण अशक्य नसतो. लहान नौकेवर घटमाला एंजिनकक्षात न ठेवणे हेच तिचे उत्तम शीतन होय. पाण्याच्या पातळीखालील, कवचालगतचा कोरडा कप्पा समुद्राच्या तापमानाजवळ राहतो. मोठ्या फेरीबोटींवर मात्र काही मिनिटांत शेकडो किलोवॉट-तास भरायचे असल्याने घटांतच बरीच उष्णता निर्माण होते आणि स्वतंत्र शीतनयंत्रणा आवश्यक ठरते. २०१५ साली नॉर्वेतील सोग्न फ्योर्डवर सुरू झालेली ‘अँपिअर’ ही फेरीबोट आणि एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोच्या बोटी ही या वर्गातील उदाहरणे होत. कोचीच्या बोटींत लिथियम टायटॅनेट घट वापरले आहेत. ते वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवितात, पण जलद भारण चांगले सोसतात.

हवा की द्रव : उष्णता संवहन, संनयन व प्रारण या तीन मार्गांनी बाहेर जाते [⟶ उष्णता संक्रमण]. नौकेवर प्रत्यक्ष निवड हवा आणि द्रव यांमध्ये करावयाची असते. १,२०० वॉट उष्णता १० °से. तापमानवाढीत वाहून न्यावयाची असेल, तर तासाला सु. ३६० घ. मी. हवा लागते, त्याच कामाला मिनिटाला पावणेदोन लिटरपेक्षाही कमी पाणी पुरते. यावरून द्रवशीतनच श्रेष्ठ वाटेल. तथापि जमिनीवरील यंत्रशाळेत कधी न येणारी एक अट नौकेवर येते : उष्णता बाहेर गेली पाहिजे, पण ज्या वाटेने ती जाते त्याच वाटेने मीठ व पाणी आत येता कामा नये.

हवेच्या वाटेचे उदाहरण ११ मार्च २०२१ रोजी नॉर्वेतील ‘ब्रिम’ या घटमालेवर चालणाऱ्या जोडकवचाच्या पर्यटन नौकेवर घडले. प्रवासात असताना तिच्या घटमाला कक्षात आग लागली. नौकेवर प्रवासी नव्हते व कर्मचारी बचावले. वायुवीजनाच्या मार्गाने खारे पाणी कक्षात शिरले आणि पाण्यापासून पुरेसे संरक्षण नसलेल्या उच्च दाबाच्या घटसंचावर पडून आग लागली असावी, असा निष्कर्ष तेथील अपघात अन्वेषण यंत्रणेने काढला. ज्या झडपेतून थंड हवा यायची तीच आगीची वाट ठरली.

द्रवाच्या वाटेचे उदाहरण त्याच्या आधीचे आहे. १० ऑक्टोबर २०१९ रोजी ‘यूत्तरअयनिंगेन’ या नॉर्वेच्याच फेरीबोटीच्या घटमाला कक्षात आग लागली. नौका स्वतःच्या शक्तीवर धक्क्याला आली व प्रवासी सुखरूप उतरले. आग विझल्यासारखी वाटल्यानंतर, दुसऱ्या दिवशी साचलेल्या वायूंचा स्फोट झाला. घटमालेच्या वायूंच्या संपर्कात आल्याने काही अग्निशामकांना रुग्णालयात न्यावे लागले. शीतनद्रवाच्या मार्गातील पिळलेल्या गॅस्केटमधून द्रव गळून घटसंचात विद्युत् प्रज्योत निर्माण झाली, असे चौकशीत दिसून आले. येथे द्रव समुद्राचा नव्हता, घट थंड ठेवण्यासाठी मुद्दाम आत आणलेला होता. लहान नौकेवर मोठा प्रवाह धोक्याचा असतो, तर शेकडो व्होल्टच्या मोठ्या नौकेवर उच्च दाब. प्रज्योत एकदा पेटली की एकदिश दाबाखाली ती सहसा आपोआप विझत नाही.

या अनुभवांमुळे घटसंच व द्रवाची नळी यांच्या मध्ये धातूची अखंड भिंत ठेवणे, नळ्यांचे जोड घटसंचांच्या बाजूस न आणणे, गळतीचा संवेदक बसविणे, तसेच घटांतून निघणाऱ्या ज्वालाग्राही वायूंसाठी वायुवीजनापासून स्वतंत्र असा बाहेर जाणारा मार्ग ठेवणे, या गोष्टींकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. समुद्राचे पाणी विद्युत् सामग्रीजवळ थेट आणत नाहीत. गोडे पाणी व ग्लायकॉल यांचे बंद अभिसरण मंडल सामग्रीतून फिरते आणि उष्णता-विनिमयकात ते आपली उष्णता समुद्राच्या पाण्याला देते. विनिमयक तांबे-निकेल मिश्रधातूचा किंवा टिटॅनियमाचा असतो. काही नौकांत तळाबाहेर बसविलेल्या नळ्यांतूनच बंद मंडल फिरविले जाते. तेथे समुद्राचे पाणी नौकेत येतच नाही.

कोकण किनाऱ्यावर या यंत्रणेला आणखी एक अडचण भेडसावते. एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी २९ ते ३० °से. असते, म्हणजे त्याच्या साहाय्याने सामग्री त्याहून थंड करता येत नाही. वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत यंत्रसामग्रीचा आराखडा ४५ °से. हवा व ३२ °से. समुद्रजल गृहीत धरून करण्यास सांगितले आहे. उत्तर युरोपातील सवयीने निवडलेला विनिमयक येथे अपुरा पडण्याचे कारण या आकड्यांतच दिसते. मग प्रशीतकाने द्रव अधिक थंड करण्याचा मोह होतो. परंतु पावसाळ्यात ३० °से. तापमानाच्या व ८५% सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सु. २७ °से. असतो. त्याखालील तापमानाचा द्रव नळ्यांतून फिरू लागला, की नळ्यांवर व पट्ट्यांवर दव जमते आणि गळती नसतानाही विद्युत् मंडलात पाणी पोहोचते. म्हणून शीतनद्रवाचे तापमान दवबिंदूच्या काही अंश वर राहील असे नियंत्रण ठेवावे लागते. थंडावा जितका अधिक तितका चांगला हे येथे लागू पडत नाही.

परीक्षण : पूर्ण भारावर सु. एक तास यंत्रणा चालवून अवरक्त तापमापकाने जोड, वितळतारा, स्विच व जनित्र यांची तापमाने टिपण्याची पद्धत उपयुक्त आहे. चकचकीत तांबे अवरक्त प्रारण फार कमी उत्सर्जित करीत असल्याने त्यावर रोखलेला मापक प्रत्यक्षाहून पुष्कळ कमी तापमान दाखवितो. त्यासाठी मोजावयाच्या जागी, मंडल बंद असताना, काळ्या निरोधक चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवतात व त्यावर मापन करतात. एकाच पट्टीवरील सारख्या प्रवाहाच्या जोडांपैकी एखादा इतरांपेक्षा १० °से. अधिक तापलेला आढळल्यास तो उघडून पाहतात. ही तापमाने भोवतालच्या हवेच्या तापमानासह नोंदवून ठेवली, तर पुढील हंगामातील तुलना शक्य होते. पंख्यांच्या जाळ्यांवर व पात्यांवर साचलेला मिठाचा आणि धुळीचा थर काढण्यासाठी गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेले फडके वापरतात. दाबाच्या हवेने फुंकल्यास मीठ आतल्या भागांत जाऊन बसते.